खडीच्या कामावरचा फवारा

दुष्काळाच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. गावाबाहेर पाझर तलावाचे सरकारी काम चालू होते. थोरले बंधू वारल्यापासून दोन मुलांचे पोट वहिनींच्या हातावर होते. त्या तेथे खडी फोडायला जात. मी गावच्या शाळेत मास्तर होतो.

पटकी पाण्यातून पसरते, हे मी चौथीच्या मुलांना शिकवीत असे. कामावरच्या मुकादमाला ते ठाऊक नसावे; किंवा पाण्यापेक्षा माणसे आवरणे त्याला सोपे वाटले असावे. विहिरीत टाकण्यासाठी आलेली ब्लीचिंग पावडर त्याने बादलीत कालवली, कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप मागवला आणि कामाच्या तोंडाशी एक गडी उभा केला. फवारा घेतल्याशिवाय हजेरी नाही, असा हुकूम झाला. विहीर तशीच राहिली.

"आमी काय कपाशी हाय का रं?" एका म्हातारीने पंपवाल्याला विचारले.

"कपाशी असती तर जपून मारलं असतं, आज्जे. डोळं झाक."

लोक हसले. साऱ्या कामावर तेवढेच फुकट मिळत होते.

आठवड्याभरात वहिनींचा डावा डोळा लालभडक झाला. मी त्यांना एस. टी.ने नगरला डॉक्टरांकडे नेले. बुबुळ भाजले आहे, पुन्हा हे पाणी गेले तर डोळा जाईल, असे त्यांनी सांगितले. काम सोडा, असे मी वहिनींना म्हणालो.

"दिराच्या जिवावर बसून खायला मी लंगडी हाय व्हय, भाऊजी?"

म्हणून मी आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो. तेथील साहेब सभ्य होते. बसायला खुर्ची दिली.

"विहिरीत पावडर किती टाकावी, याचा नियम आहे," ते म्हणाले. "माणसावर किती, याचा नाही."

"मग माणसावर टाकू नये, असा तरी असेल."

"तोही नाही. जे कोणी करत नाही, त्याला मनाई कशी करणार?"

"आमच्याकडे रोज करतात."

"असे म्हणता? मी स्वतः पाहून जातो."

ते खरोखर आले. आदल्या दिवशी मुकादमाला वर्दी मिळाली होती. साहेबांसमोर मजुरांची रांग लागली, पंप चालू झाला. वहिनी पुढे सरकल्या आणि थांबल्या. "आज पान्याला वासच न्हाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. मुकादमाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. साहेबांनी हौसेने आपलाही हात फवाऱ्याखाली धरला, तो हुंगला आणि प्रसन्न होऊन सगळ्यांकडे पाहिले.

"काही होत नाही, गुरुजी. उलट गार वाटते."

"साहेब, पंपात आज साधे पाणी आहे. उद्या न सांगता या."

त्यांनी घड्याळ पाहिले. "तुम्ही शाळा सांभाळा," एवढे बोलून ते जीपमध्ये बसले. हाताच्या तळव्यावर ज्याची तपासणी पुरी होते, अशा अधिकाऱ्याला डोळ्यांचे काय सांगावे?

दुसऱ्या दिवशी पावडर पुन्हा बादलीत पडली. तीही अधिक, कारण आता साहेबांची संमती होती. साथ ओसरण्याआधी वहिनींच्या डाव्या डोळ्यात पांढरे फूल पडले आणि त्या डोळ्याने दिसायचे थांबले.

माझ्या तक्रारीचा उपयोग झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कचेरीने नियम केला. कामाच्या तोंडाशी पाटी लागली: फवारणीच्या वेळी मजुरांनी डोळे मिटावेत, न मिटल्यास जबाबदारी त्यांची राहील. माणसांवर काय टाकावे हे ठरवणे ज्यांचे काम, त्यांनी पापण्यांचे काम तेवढे ठरवून दिले होते.

वहिनींना वाचता येत नव्हते. मी पाटी वाचून दाखवली.

"व्हय का," त्या म्हणाल्या. मग त्यांनी उजवा डोळा पदराने झाकला, डावा तसाच उघडा ठेवला आणि हजेरीसाठी फवाऱ्याखालून गेल्या.