जळू

रोवणीच्या दिवसांत माझ्या गावी, कारध्याला, आमच्या धानाच्या बांधीत उतरण्याआधी जळवा लागू नयेत म्हणून बायका पायांना भिजवलेली तंबाखू चोळतात, आणि तो उग्र वास आला की मला श्रीलंकेतलं ते ओलं जंगल आठवतं. कॉलेजतर्फे आम्ही तिथले प्राणी आणि लोकजीवन अभ्यासायला गेलो होतो. एका संध्याकाळी गावकऱ्यांनी आम्हाला जेवू घातलं, ढोल वाजवले, आणि मग तुमच्याकडचं काही दाखवा म्हणाले. माझ्याच खोलीत राहणारी मुलगी उठली. ती जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बोलणं अगदी शुद्ध. ओढणी कमरेला खोचून ती हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "मले भात दे वं, मले भूक लागून राहिली!" आमची सगळी मुलं हसली, सरसुद्धा हसले. दुसऱ्या दिवशी जंगलात तिच्या गळ्याला जळू चिकटली. आईनं दिलेली तंबाखूची पुरचुंडी माझ्याजवळ आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती किंचाळत माझ्याकडेच धावली. मी पुरचुंडी मुठीत घट्ट धरली. "कायले रडून राहिली वं? कालच्यासारखी बोल, मंग काढीन." सगळे थबकले. ती हुंदके देत पुटपुटली, "मले जळू काढून दे वं." मी म्हटलं, "मोठ्यानं बोल. सरायले ऐकू नाही आलं." तिनं ते ओरडून म्हटलं, तेव्हाच मी हात पुढे केला. आता इतकी वर्षं झाली, मनात ठेवू नये म्हणतात. मला मात्र अजून वाटतं, तिसऱ्यांदाही म्हणायला लावायला हवं होतं.