कानाच्या मशीनची जाहिरात

आमच्या कॉम्प्युटरवर कानाच्या मशीनची जाहिरात यायला लागली आणि माझं डोकंच सटकलं. पेपर उघडा, हवामान उघडा, बाजूला तेच पिटुकलं मशीन. घरात आम्ही दोघंच, नवरा-बायको. माझे कान ठणठणीत. म्हणजे हा डबा आमचं बोलणं चोरून ऐकतोय, दुसरं काय! कारण हल्ली मी घरात लई ओरडायला लागलो होतो. चहा मागितला तरी बायको ढिम्म. भवानी पेठेतल्या कारखान्यात तिनं पंचवीस वर्षं कापडाचे यंत्रमाग चालवले. आता काम सुटलं तशी बाई मला जुमानेनाशी झालीय, असं मी धरून चाललो होतो.

मी हेर शोधायला बसलो. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, अँटिव्हायरस दोनदा फिरवला. काही सापडलं नाही. कुकीज पुसाव्यात, तर दोन दिवसांनी जाहिरात पुन्हा हजर. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, आत हेरबिर कुणी नाही. घरातलंच कुणीतरी अशा मशीनच्या साइटवर जातंय, कुकीज स्वीकारतंय, त्या खुणेवरून जाहिराती मागं लागतायत. मी त्यालाच झापलं. मला तर तोच काहीतरी गळ्यात मारायला आलाय असं वाटत होतं.

तो गेल्यावर मात्र गुपचूप हिस्टरी उघडली. मी मंडईत जातो त्याच वेळेच्या नोंदी होत्या. ‘मागाच्या आवाजानं गेलेलं ऐकणं परत येतं का.’ खाली आणखी एक, ‘कानातलं मशीन कुणाला न दिसणारं.’ चार-पाच दिवसांआड तेच शोधलेलं.

ती माझ्या पाठीमागं तांदूळ निवडत बसली होती. मी वळलो नाही, नेहमीच्या आवाजात हाक मारली. मग जरा मोठ्यानं. सुपाचा आवाज तसाच चालू राहिला.

उठून तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, कधीपासून? तिला लगेच कळलं. माझ्या ओठांकडं बघत होती. कारखान्यात सगळ्या बाया अशाच बोलायच्या म्हणाली, त्या खडखडाटात ऐकतंय कोण. सांगायची लाज वाटली म्हणे. मला माझी लाज वाटत होती.

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, “तुमी दिवसभर त्या कॉम्प्युटरकडं तोंड करून बसता. मला वाटलं, माझ्याशी बोलायचंच सोडलंय तुमी.”