सिस्टरनी गाडी घेतली

कुणाची जुनी मोटारसायकल बघायला गेलं, की सिस्टर आधी उजवा हात पालथा करून इंजिनाला लावायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग विकणाऱ्याकडे बघून म्हणायच्या, "ह्याला ताप हाय."

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका माणसाकडे हे मी पहिल्यांदा पाहिलं. तो म्हणाला, "आवो, आत्ताच दुकानाला जाऊन आलो की."

"मग निवू द्या. आमाला घाई न्हाय."

आणि त्या खरंच कट्ट्यावर बसल्या. शेजारी मी. त्या घरच्या बाईनं दोनदा चहा दिला. सव्वा तासानं इंजीन गार झालं तेव्हा त्या माणसानं बटण दाबलं. गाडी नुसती कण्हली. चोक ओढला, किका मारल्या, शर्ट घामानं भिजला, पण गाडी काही चालू झाली नाही. गरम असताना चालू होणारी आणि गार झाली की हट्टाला पेटणारी ती गाडी होती, आणि आम्ही येण्याआधी त्यानं ती मुद्दाम तापवून ठेवली होती.

सिस्टर उठल्या. मला कानडीत म्हणाल्या, "ब्याड." म्हणजे नको. त्याच्या बायकोला मात्र मराठीत म्हणाल्या, "चहा झकास हुता. पण तुमचे पाय सुजलेत. उद्या बीपी बघून घ्या, इसरू नका."

तुमच्याही गावात अशा सिस्टर असतील. आमच्या कुंभारीपलीकडच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या आणि मी औषधं देणारा. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. इंजेक्शन देताना पोराशी कानडीत बोलायच्या आणि त्याच्या आईला मराठीत रागवायच्या. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पोरांचे आईबापही सिस्टर म्हणायचे, डॉक्टरही सिस्टरच म्हणायचे.

पूर्वी त्या मोटारसायकलवरून फिरायच्या. लसीचा डबा मागं बांधायचा, पदर खोचायचा आणि होटगीच्या बाजूच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या. तेव्हा बाई मोटारसायकलवर दिसली की शेतातली माणसं काम थांबवून बघायची. सिस्टर म्हणायच्या, "बगू देत की. तेवढंच आमी आल्याचं कळतंय."

मग एका दुपारी वळणावरच्या खडीवरून गाडी घसरली आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर पडली. गाडीखालून पाय निघेना. टेम्पोवाल्यानं त्यांना उचललं तेव्हा पहिलं वाक्य म्हणे होतं, "डबा सावलीत ठिवा." गुडघ्यात धातूची पट्टी बसवावी लागली. दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन घरी आल्या तर अंगणात गाडी नव्हती. त्यांच्या यजमानांनी ती विकून टाकली होती.

यजमान शाळेत शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मवाळ माणूस. पुढं अकरा वर्षं सिस्टर एसटीनं, वडापच्या जीपनं, कुणाच्या तरी मागं बसून कामावर येत राहिल्या. ह्या अकरा वर्षांत नवरा-बायकोत त्या गाडीचा विषय एकदाही निघाला नाही, हे मला खूप नंतर कळलं.

निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं तेव्हा एकदा त्या माझ्या खिडकीपाशी आल्या.

"भाऊ, आयतवारी मोकळे हाव का? क्रूझर बगायला जायचंय."

मला वाटलं वडापची जीप. म्हटलं, "एवढी मोठी गाडी कशाला, सिस्टर? माणसं भरणार आहात का?"

त्या इतक्या हसल्या की ड्रेसिंगच्या खोलीतला पेशंट डोकावला. मग त्यांनी समजावलं. क्रूझर म्हणजे बसकी, लांबट मोटारसायकल. बैठक खाली, पाय पुढं सोडून ठेवायचे. त्यांचा डावा गुडघा काटकोनापुढं वाकत नव्हता. साध्या गाडीवर पाय मागं मुडपला की कळ यायची. भाच्याच्या लग्नात कुणाच्या तरी अशा गाडीवर त्या सहज म्हणून बसल्या होत्या, आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकले होते.

"टेकले की हो, भाऊ!" हे त्यांनी जमीन विकत घेतल्याच्या थाटात सांगितलं.

"पण आता ह्या वयात कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न पुढं सगळ्यांनीच विचारला.

"मला चालवायचीय म्हणून," त्या म्हणाल्या.

मलाच का नेता, असंही मी विचारलं. मला फक्त स्कूटर येते, गाडीतलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, "तुमी मदी मदी बोलत न्हाय."

असे आमचे आयतवार सुरू झाले. त्यांच्या पर्समध्ये शिवणाची टेप आणि एक छोटी बॅटरी असायची. टेपनं बैठकीची उंची मापायच्या. बॅटरीनं चाकांच्या मध्ये वाकून सांगाड्यावरचा नंबर वाचायच्या आणि कागदावरच्या नंबराशी पडताळायच्या. नव्यानं रंग मारलेली गाडी दिसली की त्यांना संशय यायचा. "पावडर लई लावलीया. खाली काय झाकलंय बगा." दोन वेळा रंगाखाली गंज निघाला, आणि एकदा तर जोडलेला सांगाडा निघाला.

शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानदारानं त्यांच्याशी बोलायचंच टाळलं. सगळं मला सांगत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुमच्या मिस्टरांना पाठवा की बघायला."

"त्यास्नी सायकल बी येत न्हाय," सिस्टर म्हणाल्या आणि मागच्या चाकाची साखळी बोटानं उचलून किती सैल आहे ते बघत राहिल्या.

शहरातल्या विजापूर वेशीजवळ एक म्हातारे मिस्त्री होते. चाचा. आपल्याकडं विकायला काही नाही म्हणाले, पण सिस्टरचं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. गुडघ्याकडं बघितलं. मग आवारातली एक अवजड जुनी गाडी त्यांनी पोत्यांवर आडवी निजवली.

"आपा, चलाना बाद में देखेंगे. पैले ये उठाके दिखाव."

सिस्टरनी हँडल धरून जोर लावला. गाडी वीतभर हलली आणि परत बसली. दुसऱ्यांदा तेवढीही हलली नाही. गॅरेजमधली माणसं पाने खाली ठेवून बघत होती. मला वाटलं आता हे संपलं. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं, कारण मनातून मी घाबरलोच होतो. सिस्टरचा चेहरा लाल झाला होता. बहुतेक त्यांना ती दुपार आठवत असावी. गाडीखालून न निघणारा पाय.

त्यांनी पर्स उचलली. "पुढच्या आयतवारी येते, चाचा. गाडी हितंच ठिवा."

त्या आठवड्यापासून दुपारच्या सुट्टीत केंद्राच्या मागच्या खोलीत एक प्रकार सुरू झाला. मुदत संपलेल्या सलाईनच्या बाटल्या पिशवीत घालायच्या, पिशवी पायाला अडकवायची आणि खुर्चीत बसून पाय वर-खाली करायचा. आधी एक बाटली, मग दोन, मग तीन. मुदत संपलेला माल मोजून टाकून देणं माझं काम, त्यामुळं ह्या गुन्ह्यात मीही सामील होतो. डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

चाचांनी युक्तीही शिकवली. गाडीकडं पाठ करायची, बूड बैठकीला टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि कमरेनं न ओढता पायानं रेटत मागं सरकायचं. चार आयतवार गाडी उठली नाही. पाचव्या आयतवारी ती कुरकुरत उभी राहिली. सिस्टर धापा टाकत माझ्याकडं बघून हसल्या. मी टाळी वाजवायला हात वर केला, तेवढ्यात चाचांनी शांतपणे गाडी दुसऱ्या बाजूला आडवी केली.

"अब इधर से."

तिकडूनही उठवली. दोन वेळा. त्यानंतरच चाचा म्हणाले, "अब लेव गाडी."

गाडी मिळाली ती उजनी धरणाच्या काठच्या एका गावात. केळीचे बागाईतदार, सिस्टरच्याच वयाचे. मरून रंगाची बसकी क्रूझर गोठ्याशेजारी उभी, वर धूळ. ते म्हणाले, "बाई, आदी वाईट सांगतो, मग चांगलं. टाकीला हितं पोचा हाय, चिखलात पडलो हुतो. पुढच्या चाकाच्या दांड्यातनं तेल झिरपतंय, सील बदलावं लागंल. आता माझा मणका साथ देत न्हाय म्हणून विकतोय. इंजिनाला मातर बोट लावलेलं न्हाय."

सिस्टरनी हात लावला. गार. नंबर पडताळले, बरोबर. बटण दाबलं आणि पहिल्याच फटक्याला गाडी बोलू लागली.

त्या पाण्याकडेच्या रस्त्यानं गेल्या. अकरा वर्षांनंतर पहिल्यांदा. मी आणि ते बागाईतदार गाडी उसाच्या आडोशाला जाईपर्यंत बघत राहिलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. ते म्हणाले, "बाई येत्यात न्हवं?" मग लांबून आवाज आला. गाडी येऊन थांबली.

"समोरनं उसाची ट्रॉली आली," त्या म्हणाल्या. "लई भ्याले. गाडी कडेला घिऊन उभीच राह्यले. ट्रॉली गेली तरी हात सुटंनात."

"मग?"

"मग दुसऱ्या ट्रॉलीची वाट बगितली. ती आल्यावर तिच्या शेजारनंच आले." त्यांनी हेल्मेट काढलं. "हीच घेऊ या, भाऊ."

गाडी घेऊन आम्ही दोघं सिस्टरच्या घरी गेलो तेव्हा गुरुजी फाटकात उभे होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग सिस्टरच्या गुडघ्याकडं.

सिस्टर गाडीवरूनच म्हणाल्या, "ह्या टायमाला विकायची आसंल तर आदी मला इचारा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावरचं वाक्य. गुरुजी आत गेले. मला पळून जावंसं वाटलं, पण सिस्टरनी चहाला थांबवून घेतलं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती तेव्हा गुरुजी माझ्या शेजारी येऊन बसले.

"मी रागानं नव्हती हो विकली," ते हळू आवाजात म्हणाले. "रोज दवाखान्यातून तिच्या जेवणाचा रिकामा डबा घेऊन यायचो आणि अंगणात ती वाकडी गाडी दिसायची. तिच्या पायाचं हाड दिसावं तशी. मला बघवेना. माणूस आला, देऊन टाकली. तिला विचारायला पाहिजे होतं, एवढं कळायला मला आठ दिवस लागले. तोवर गाडी गेली होती. आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही."

"हे त्यांना सांगितलंत का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

भांडी वाजायची थांबली होती. सिस्टर ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहा ठेवला, गुरुजींच्या कपात साखर ढवळली आणि एवढंच म्हणाल्या, "शाळेत पोरास्नी खरं बोला म्हणून शिकवत हुता न्हवं?" गुरुजींचे डोळे भरले. सिस्टरनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मी माझा चहा जीभ भाजत संपवला.

नोकरीचे उरलेले महिने त्या त्याच गाडीवरून केंद्रात आल्या. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली. त्यांच्या जागी आता नव्या सिस्टर आहेत, चांगल्या आहेत. पण पूर्वी गाडीचा भरदार आवाज आला की रांगेतली पोरं इंजेक्शनच्या भीतीनं आधीच रडायला लागायची. आता कुणाला काही कळत नाही, पोरं गाफील सापडतात.

सिस्टरची मुलगी विजापूरला. तिच्या बाळंतपणाच्या निमित्तानं दोघांनी तिकडंच राहायचं ठरवलं. जावई म्हणाला, गाडी ट्रान्सपोर्टनं मागवून घेऊ. सिस्टर म्हणाल्या, "गाडी काय गठुडं हाय व्हय?" सामान टेम्पोत गेलं, गुरुजी एसटीत बसले आणि सिस्टर सकाळी सातला गाडीवरून निघाल्या. मी नाक्यापर्यंत स्कूटरवरून त्यांच्या मागं गेलो. त्यांनी हात केला आणि वेग घेतला. माझ्या स्कूटरला तो वेग नव्हता.

दुपारी गुरुजींचा फोन आला.

"पोचली," ते म्हणाले. "माझ्यानंतर सव्वा तासानं. मी फाटकातच उभा होतो, रागावणार होतो चांगला."

"काय झालं? गाडी बिघडली?"

"नाही हो. भीमेचा पूल ओलांडल्यावर सूर्यफुलाचं शेत लागलं म्हणे. तिथं उतरली आणि बांधावर बसून राहिली. म्हणाली, एवढी वर्षं रस्त्यानं फिरले, पण दर वेळी पुढच्या वस्तीवर कुणीतरी वाट बघत असायचं, थांबायला कधी मिळालंच नाही. आता उद्या ते शेत मला दाखवायला नेणार आहे. मागं बसायचं कसं, ते आत्ता शिकवतेय."