मध्यंतर नसलेली प्रत

जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या आमच्या मराठी मंडळासाठी अधूनमधून हिंदी सिनेमाचा खेळ लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आकडेमोड जमते म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. किती खुर्च्या भरतील, हॉल किती वाजता रिकामा करून द्यायचा, पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी जर्मन हव्यात की इंग्रजी, हे सगळं मी बघायचो आणि चोख बघायचो. एका खेळाबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही.

त्या वर्षी माझ्या सासूबाई उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणतो. वाईजवळच्या एका खेड्यात राहणारी त्यांची धाकटी बहीण आदल्या वर्षी गेली होती. ती जायच्या काही महिने आधी त्या गावात एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं. हळदीच्या गाण्यात जात्यावर बसलेल्या बायका खऱ्या हव्या होत्या, म्हणून गावातल्याच चौघीपाचजणी बसवल्या. त्यांत ही मावशी. आई हे सांगताना हसायच्या. "घरात कोरं पातळ होतं, पण सिनेमावाल्यांनी विटकंच नेसायला लावलं. म्हणाले, गाव गावासारखं दिसलं पाहिजे. ही म्हणाली, मग मी काय मुंबईची दिसते का?"

मावशीचे फोटो फारसे नव्हते. हलणारी, ओवी म्हणणारी मावशी एवढ्या एका गाण्यातच होती. ते फोनवर मिळायचं, पण तिथे तिचा चेहरा मोहरीएवढा. टीव्हीवर लावून पाहिलं तर चित्र फुटायचं. तोच सिनेमा मंडळ लावणार आहे म्हटल्यावर आई दिवस मोजू लागल्या. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जर्मन आजींनाही त्यांनी बोलावून टाकलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारी अंगणातल्या बाकावर दोघी शेंगा सोलत बसायच्या. आईंनी हवेत जातं फिरवून आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून त्यांना बहीण समजावली होती.

इकडे वितरकानं मला विचारलं, मूळ प्रत पाठवू की परदेशी प्रेक्षकांसाठी केलेली? दुसरी जवळजवळ तासाभरानं लहान होती. बरीचशी गाणी काढलेली, मध्यंतर नाही. त्या खेळाला मी पहिल्यांदाच ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांना बोलावलं होतं. मागे एकदा दुसऱ्या एका सिनेमात नायक शेतात गाऊ लागला तेव्हा मागच्या रांगेतून परक्या माणसांचं हसू ऐकू आलं होतं, आणि सिनेमा जणू मीच काढला असल्यासारखी माझी मान खाली गेली होती. मी लहान प्रत मागवली.

कोणकोणती गाणी काढली आहेत, हे मी विचारलं नाही. विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचणारा माणूस मी. प्रश्न सुचला नाही असं नाही. उत्तर नको तसं आलं तर मूळ प्रत मागवावी लागेल, हेही त्याच वेळी सुचलं होतं. घरी मी कोणाला बोललो नाही.

खेळाला आई इरकली नेसून आल्या. मी, बायको, आई आणि आजी एका रांगेत बसलो. सिनेमा चांगलाच होता, भरभर सरकत होता. माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. मुलीचं लग्न ठरलं, दाराला तोरण लागलं, तशा आई पुढे सरकून बसल्या आणि त्यांनी आजींच्या मनगटावर हात ठेवला. पुढच्या दृश्यात नवरी सासरच्या गाडीत बसलेली होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

दिवे लागले, लोक संध्याकाळच्या गारव्यासाठी हलके कोट घालू लागले. आई बसूनच होत्या.

"जावईबापू, मध्यंतरात इथे चहा मिळतो का हो? ह्यांना पाजू या."

"आई, सिनेमा संपला."

"संपला कसा? हळदीचं गाणं राहिलंय अजून."

मग मी सांगितलं. ही छोटी प्रत आहे, गाणं काढून टाकलंय आणि प्रत मीच निवडली. का, असं त्यांनी विचारलं. ऑफिसचे लोक कंटाळतील असं वाटलं, म्हणालो. त्या पदर सावरून उठल्या.

बाहेर माझा एक सहकारी मुद्दाम थांबला होता. छान होता, म्हणाला, आमच्याकडच्या सिनेमासारखाच वाटला. हेच ऐकायला मी ती प्रत मागवली होती. त्याला धन्यवाद म्हणताना मला आईंकडे बघवेना.

तेवढ्यात आजींनी मला विचारलं, ह्यांची बहीण त्यातली कोणती? त्यांचा अंदाज घेणारा चेहरा आणि 'श्वेस्टर' हा शब्द, एवढ्यावरून आईंना प्रश्न कळला. बाकावर तो शब्द त्या शिकल्या होत्या. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोच आईंनी माझ्या बाहीला हात लावला.

"येऊन गेली म्हणावं. गर्दीत होती, पटकन गेली. तुमच्या ऑफिसची माणसं उभी आहेत इथे."

मी तसंच सांगितलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"गेनाऊ, बरोबर," त्या म्हणाल्या, "पाहिली की मी. अगदी ह्यांच्यासारखी."

"काय म्हणतात?" आईंनी विचारलं.

"तुमच्यासारखी दिसते म्हणतात."

"दिसायचीच." आई आजींचा कोट धरून उभ्या होत्या, म्हणजे त्यांना बाह्यांत हात घालता यावेत. "नाक तेवढं तिचं माझ्यापेक्षा सरळ होतं. ते नका सांगू त्यांना."

मी ते सांगितलं नाही.