बांबूने मोजलेला रस्ता

माझ्या धाकट्या भावाला वाटतं, रस्त्यातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. वीस वर्षं मंडळाच्या गणपतीची मिरवणूक त्यानेच काढली आहे. मूर्तीच्या उंचीचा बांबू कापायचा, स्कूटरवर मागे बसणाऱ्याने तो उभा धरायचा आणि आठ दिवस आधी सगळा मार्ग फिरून यायचा. केबल कुठे लोंबतेय, फांदी कुठे आडवी येतेय, सगळं वहीत. आमच्या ट्रेलरसाठीही त्याने तेच केलं. "नीट बघितलंस ना?" मी विचारलं. "ताई, बारा फुटी गणपती नेलाय, तुझा डबा काय चीज आहे!"

डबा म्हणजे गाडीमागे जोडायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर, उल्हासनगरच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला. आत एक पलंग, एक कमोड, बस्स. हौस नव्हती. मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला तासाभरापेक्षा जास्त बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. आणि तिला जायचं होतं चिपळूणच्या पुढे, तिच्या अक्काकडे. मावशी ऐंशीच्या पुढची, कान गेलेले, फोनवर नुसतं "कोण? कोण?" करते. चार वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर आई म्हणाली, "त्यात मी एकदाच जाईन, आणि तेव्हा मला विचारायला येऊ नका."

म्हणून असा बेत ठरला: आई गाडीत बसणार, दर तासाला थांबून ट्रेलरमध्ये आडवी होणार, वाटेत दोन मुक्काम. त्याआधी रंगीत तालीम, वांगणीला भावाच्या मित्राच्या फार्महाऊसवर एक रात्र. आमच्या घरून, हेंद्रेपाड्याहून, चाळीस मिनिटं, फार तर पन्नास. मी आईला तोंडावर सांगितलं होतं, "तालमीतच तासाच्या वर गेलं, तर चिपळूण कॅन्सल. मग रडायचं नाही." मी अशीच बोलते. घरात कुणीतरी वाईट व्हावंच लागतं.

बरोबर दहाला निघालो. गाडी मी चालवत होते. वांगणीपर्यंत सगळं छान झालं, एक फांदी लागली नाही. फार्महाऊसच्या अरुंद रस्त्याला वळलो, आणि अर्ध्या किलोमीटरवर पाण्याच्या मोरीसाठी रस्ता आडवा खणून ठेवलेला. कडेने पायवाटेएवढी जागा.

"परवा नव्हतं गं हे," भाऊ म्हणाला. "तसं स्कूटर आरामात जाईल."

"मग बसव आईला स्कूटरवर!"

मागे वळायला जागा नाही. दोन्हीकडे शेतं, त्यात चिखल. ट्रेलर जोडून रिव्हर्स घ्यायची सवय मला नव्हती; स्टिअरिंग इकडे फिरवलं की डबा तिकडे जायचा. तिसऱ्या खेपेला तो गाडीला काटकोनात वाकला आणि त्याचं एक चाक रस्ता सोडून शेताकडे उतरलं. दारही त्याच बाजूला. म्हणजे आईला आत झोपवायचीही सोय गेली. मागून एक टेम्पो येऊन हॉर्न मारत उभा राहिला.

"वहीत वळायची जागा का नाही लिहिलीस?" मी ओरडले.

भाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाला, "गणपती रिव्हर्स येत नाही गं."

मला हसू आलं नाही. राग होता, आणि रागाखाली भीती होती. मागच्या सीटवर आई सरळ बसून होती. "दुखतंय का?" विचारलं की, "छे! मजा बघतेय तुमची." कपाळावर घाम, एका हाताने वरचं हँडल घट्ट धरलेलं. घड्याळाकडे बघायची मला हिंमत होईना.

शेवटी भावालाच सुचलं. मिरवणुकीचा गाडा अडला की हातानेच सरकवतात. टेम्पोतले चौघे उतरले. "दादा, टेन्शन मत लो," म्हणत त्यांनी आधी टेम्पो मागे घेतला. मग ट्रेलर सोडवला आणि सगळ्यांनी मिळून, "मोरया!" करत, एका शेताच्या फाटकापर्यंत मागे ढकलत नेला. मी गाडी हळूहळू मागे आणली. ट्रेलर डगमगू नये म्हणून त्याचे लोखंडी पाय टेकवले, आईला धरून आत नेलं, पलंगावर आडवं केलं. पाठ टेकताना तिच्या तोंडून जे कण्हणं निघालं, ते ऐकून भाऊ बाहेर निघून गेला.

"किती झाले?" आईने डोळे मिटूनच विचारलं. मी काही बोलायच्या आत मनगट पुढे केलं. "हे बघ. पाऊण तास. पास झाले ना मी?"

तिच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. सेकंदकाटा हलत नव्हता. बाजूची चावी बाहेर ओढलेली होती.

माझ्या फोनवर अकरा पंचवीस झाले होते. चाळीस मिनिटं ती घड्याळ बंद करून बसली होती, माझ्या भीतीने. दुखतंय म्हणाली असती तर मी बेत मोडला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला माझीच लाज वाटली.

तिचा हात हातात घेऊन मी काटे जुळवले, चावी आत दाबली. "अकरा पंचवीस, आई."

तिने मान भिंतीकडे वळवली.

मी भावाला वही घेऊन आत बोलावलं. तासातासाचे थांबे होते, ते खोडले आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे केले. दोन मुक्कामांचे चार केले. "आणि प्रत्येक थांब्यावर गाडी वळवायची जागा," मी त्याला म्हटलं, "तिथे स्वतः उभा राहून बघून ये. स्कूटरवरून नाही."

आई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "अक्काच्या सुनेला फोन लाव. म्हणावं, आम्हाला चार मुक्काम लागतील. अक्काला ते लिहून दाखवायला सांग. जेवायला थांबू नको म्हणावं. पण थांब म्हणावं."