प्रयागबाईंची मागची बाई

प्रयागबाईंना सहीपुरतं लिहिता येतं, आणि भुलाबाईची त्रेसष्ट गाणी तोंडपाठ आहेत. कळमेश्वरला पन्नास वर्षं त्या ओळ उचलायच्या आणि मागच्या बायका तीच ओळ परत म्हणत झील धरायच्या. त्या बायका एकेक करून गेल्या. प्रयागबाई आता मनीषनगरात, माझ्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. मुलगा उन्मेष वाडीला गोदामात मॅनेजर.

यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली. आवाज अजून खणखणीत होता, पण ऑपरेशननंतर राहीलच असं डॉक्टर सांगेनात. तारीख सोमवारची मिळाली.

उन्मेषने मंगळवारी मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, माइक आणला आणि माइक लॅपटॉपला जोडणारी डबी आणली. ऑडिओ इंटरफेस. एकाच माइकची. गाणारी एक, तर डबीला दोन भोकं कशाला, असं त्याचं म्हणणं. मला विचारायचं त्याला सुचलं नाही. मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं ते काय उगाच?

प्रयागबाईंनी हेडफोन चढवला, एक ओळ म्हटली आणि थांबल्या. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबल्या. उन्मेषचा चेहरा उतरला. आई गाणी विसरली, असंच त्याला वाटलं.

"माय, काहून थांबून राहिली वं?"

"थांबू नको तं काय करू गा? मागची बाई म्हणून राहिली ना! तिची ओळ सरू दे."

मी हेडफोन ओढून कानाला लावला. त्यांचाच आवाज लॅपटॉपमध्ये फेरी मारून किंचित उशिरा परत येत होता. इतर कुणीही वैतागून हेडफोन फेकला असता. या बाईंनी त्याला झील समजून वाट करून दिली होती! 

"ही डबी परत कर," मी म्हटलं. "आवाज थेट कानात देणारं बटण असलेली आण. आणि दोन माइकची."

"दोन काहून, काकू?"

"अरे, उशीर गेला की मागची बाईही जाईल. मग तुझी आई कुणासाठी थांबेल? झील धरायला खरी बाई बसवावी लागेल. आणि दोघींना एकाच माइकसमोर बसवलंस तर आवाज कालवले जातील, पुन्हा वेगळे व्हायचे नाहीत."

बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराने आठ माइकची पेटी पुढे केली. "घेऊन टाका ना भाऊ, पुढे कामात येईल."

"माह्या घरी बँड नाही बसून राहिला," उन्मेष म्हणाला. दोन भोकांची डबी त्याने जोडायला लावली, माइकजवळ चुटकी वाजवून पाहिली. चुटकी बोटात आणि कानात एकदमच वाजली. तेव्हा कुठे तो हसला.

"दुसरी बाई कोण पण?" घरी आल्यावर त्याने विचारलं.

प्रयागबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या हायेत ना. शिकलेल्या हायेत, शिकतीन."

मी झील धरली. कशी, ते विचारू नका. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा प्रयागबाईंनी मांडीवर चापट दिली, "बाई, घाई कायची आहे वं तुमाले? गाडी सुटून राहिली का?" रविवार दुपारपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट गाणी झाली.

मग उन्मेषने तपासायला म्हणून रेकॉर्डिंगमधला माझा माइक बंद केला आणि नुसता त्यांचा लावला. त्यांची ओळ आली. पुढे माझ्या ओळीची जागा. तिथे मी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी ऐकू येत होते. आणि माझ्याआधी, केसभर आधी, आणखी कुणीतरी तीच ओळ अगदी हळू म्हणत होतं.

प्रयागबाईच. स्वतःची ओळ संपवून, श्वाससुद्धा न घेता, त्या माझी ओळ मला पुरवत होत्या. त्रेसष्ट गाण्यांत एकदाही सोडली नव्हती. शेजारी मांडीला मांडी लावून बसून मला पत्ता नव्हता.

"हे काय हो?" मी विचारलं.

"मागचीले सोडून पुढं जात नसते, बाई," त्या म्हणाल्या, आणि उद्याच्या दवाखान्याच्या पिशवीत लुगडं घालायला उठल्या.