मरता मरता भरवलेली केळी

वाघावर भाषण ठोकणाऱ्याला तुम्ही हार घालता. मग वानराची विष्ठा काडीने उकरून बघणाऱ्या बाईला काय म्हणता? आमच्या डिंडोलीत, सुरतेच्या या मराठी वस्तीत, तिला सरळ वेडी म्हणतात.

हर्षदा ही बन्सीलालची मुलगी. बाप धुळ्याकडून सुरतेला आला, लूमच्या खडखडाटात अर्धा बहिरा झाला, पण पोरीला कॉलेजात घातलंच. ती प्राणिशास्त्रात डॉक्टर झाली, तेव्हा गल्लीतल्या बाया तापलेली लेकरं घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी वानरांचा अभ्यास करते, असं तिने सांगितल्यावर जी हसाहस झाली ती आजही थांबलेली नाही.

तिचं काम बारडोलीच्या पुढचं. ऊस संपतो तिथून डोंगराचं जंगल लागायचं. ती पहिल्यांदा गेली तेव्हा काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी उंबरांवर असायची, माणूस दिसला की आत पळायची. मग साग गेला, सागाच्या नावाखाली बाकीचं गेलं, आणि टोळी गावातल्या कौलांवर येऊन बसली. उंबरांचा एक पट्टा तेवढा उरला. आता तोही तोडायचं घाटतंय.

वनखात्याच्या साहेबांचं म्हणणं असं, की जंगलात खायला भरपूर आहे, लोक शनिवारी मारुतीच्या नावाने केळी घालतात म्हणून वानरं चटावली. हर्षदाने कागद मांडले. विष्ठेत झाडांची साल निघते, आणि दुसरं काही मिळत नाही तेव्हाच वानर सालीला तोंड लावतं. साहेब हसले. विष्ठा कुठल्या जनावराची कोण जाणे, म्हणाले, पोट उघडून दाखवा. मी तिचा शेजारी, पिशवी धरून सोबत गेलेलो; माझं डोकं फिरलं. तिने कागद गोळा केले. वानर मारणं तिला जमणार नव्हतं, म्हणजे एखादं आपणहून मरायची वाट बघणं आलं.

गावात किराणा दुकान चालवणारा भूपेंद्रभाई, त्याच्याकडेच गावचा फोन. काही झालं तर कळवायचं, असं त्याने कबूल केलं. घरी सरलाबाईंना, तिच्या आईला, हे समजलं तेव्हा त्या मारुतीच्या दिव्यात तेल घालत होत्या. मागे न वळता त्यांनी चुलीपाशी यायची बंदीच घातली, "देवनं पोट फाडशी ना, ते मना चुल्हाजोडे येवानं नही."

यंदा, शहाण्णवच्या उन्हाळ्यात, भूपेंद्रभाईचा फोन आला. विजेच्या तारेला चिकटून टोळीतला थोरला नर पडला होता. आम्ही एसटीने पोचलो तोवर तिरडी बांधून तयार. शेंदूर, गुलाल, शाल, पुढे बँड. ज्याने आठवड्यापूर्वी याच वानरावर गोफण फिरवली तो पहिल्या खांद्याला. काल दगड आणि आज खांदा का रे, असं मी विचारलं, तशी चार जणं बाह्या सरसावून पुढे आली. हर्षदाने माझं कोपर दाबून मला मागे ओढलं.

मग ती भूपेंद्रभाईशी बोलली, तो गावाशी बोलला. बरंच बोलणं झालं. शेवटी, आत बघून पोट नीट शिवणार असाल तर बघा, असं ठरलं. बँडवाले सावलीत विड्या ओढायला गेले. मला वाटलं, जिंकलो. तिने पिशवीतून चाकू, बाटल्या काढल्या आणि सहज विचारलं, जीव कधी गेला?

सकाळी पडलं, दुपारी गेलं.

आणि मधे?

भूपेंद्रभाईचा चेहरा उजळला. सगळं गाव उशाशी बसलं होतं. बायांनी दुधात केळी कुस्करली, गंगाजळ घातलं आणि घास घास भरवला. मोठ्या मायेने तो म्हणाला, "बेन, भूख्यो नथी गयो." उपाशी गेला नाही म्हणे.

हर्षदाने बाटल्या परत पिशवीत ठेवल्या.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, काप तरी, खाली साल असेलच की.

"असेल," ती म्हणाली. "पण वर केळी निघतील. आणि केळी निघाली तर मला केळी लिहावी लागतील. साहेबांना तेवढंच हवंय."

वगळून टाक, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून गिळलं.

गाव वाट बघत होतं. तिने सांगितलं, राहू द्या, न्या. ते खूश झाले. बाई शेवटी देवाला भ्यायली, असं कुणीतरी मागून म्हणालं. ती अंत्ययात्रेबरोबर चालत गेली, खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं. परतीच्या एसटीत खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपली ती थेट सुरतेपर्यंत.

उंबरांवर तोडायच्या खुणा पडल्यात. तोडायचे की नाही, याचा साहेबांचा निकाल दिवाळीनंतर आहे. हर्षदा आजही दर आठवड्याला जाते, काडीने उकरते, आणि थकून येते.

म्हणून तुम्हाला सांगतो, बारडोलीच्या पुढच्या गावांत तुमचे पाहुणे असतील, शेत असेल, त्यांच्या कानावर घाला. यात्रा काढा, बँड लावा, माझं काही म्हणणं नाही. पण वानर तारेवरून पडलं तर त्याला नुसतं पाणी पाजा, घास भरवू नका, आणि आधी हर्षदाला निरोप धाडा.